अभंग आणि रॉकचा ठेका

‘अभंग रिपोस्ट’ या नांवाचा एक वाद्यवृंद २०१६ च्या सुमारास मुंबईस निघाला, आणि संतांचे अभंग रॉक संगीताच्या साजांत गाण्याचा क्रम त्यानें चालविला. नांवांतील दुसरा शब्द समाजमाध्यमांच्या बोलींतला आहे. एकानें लिहिलेलें दुसऱ्यानें पुनः चारचौघांपुढें मांडावें, एवढाच त्याचा अर्थ. विजेची गिटार, तिच्या जोडीस खर्ज धरणारी बेस गिटार, ड्रम्सचा संच आणि या सर्वांवर संतांचे शब्द, हें मिश्रण कानीं पडलें म्हणजे आमच्या पिढींतील पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते, आणि तरुण मंडळी मात्र उभ्याउभ्या डोलूं लागतात. या दोहोंपैकीं कोणत्याही प्रतिक्रियेस टीका म्हणतां येणार नाहीं. आठी पडते ती वाद्यांकडे पाहून, आणि डोलणें होतें तें ठेक्यावर. शब्दांकडे दोघांचेंही लक्ष बेताचेंच असतें. वस्तुतः या गाण्यांत विचार करण्याजोगें जें आहे तें शब्दांतच आहे. म्हणून या वाद्यवृंदाची, व त्याच्या मार्गानें जाणाऱ्या इतरांची, परीक्षा आम्ही येथें एकाच प्रश्नापुरती करणार आहों : रॉकच्या ठेक्यावर चढविल्यानंतर अभंगाच्या शब्दाचें काय होतें?

वाद्यें परकीं आहेत, हा आक्षेप सर्वांत आधीं येतो व सर्वांत कमी टिकतो, म्हणून त्याचा निकाल प्रथम लावूं. गांवोगांवच्या भजनांत जी पेटी आपण आज ‘आपली’ म्हणून वाजवितों, तिच्या मूळ हार्मोनियमचें पेटंट १८४२ मध्यें पॅरिस येथें देबँ नांवाच्या कारागिरानें घेतलें. ती इकडे आली, पायाऐवजीं हातानें भाता हालविण्याची सोय तिच्यांत झाली, आणि ती भजनी मंडळाच्या मध्यभागीं जाऊन बसली. तिच्याविरुद्ध कांहीं थोडें बोललें गेलें काय? ऑल इंडिया रेडिओनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दाराबाहेर ठेविलें होतें. आपल्या गायनांतील मींड व श्रुति तिच्या ठराविक पट्ट्यांतून निघत नाहींत, हा त्यांतील मुख्य मुद्दा. आणि तो शास्त्रदृष्ट्या खोटाही नव्हता. तरी देवळांतल्या भजनांतून पेटी कांहीं उठली नाहीं. वाद्य कोठें जन्मलें यापेक्षां तें कोणाच्या हातीं गेलें, हेंच अखेरीस महत्त्वाचें ठरतें.

रायगड जिल्ह्यांतील एखादी वरात किंवा गणपतीची मिरवणूक ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस याचा दुसरा दाखलाही ठाऊक आहे. येथें मिरवणुकीच्या पुढें ‘बेंजो’ म्हणून जें वाद्य वाजतें, तें अमेरिकेंतील बँजो नव्हे. टंकलेखनयंत्रासारख्या कळा असलेलें तें बुलबुलतरंग होय, आणि त्याचा मूळपुरुष म्हणजे १९१२ च्या सुमारास जपानांत नागोया येथें निघालेलें ‘ताइशोगोतो’ हें तंतुवाद्य. त्याला वीज जोडावी, कर्णे लावावे, ताशा-ढोलांची साथ द्यावी, आणि कोळीगीतापासून आरतीपर्यंत सर्व कांहीं त्यावर वाजवावें, असा आमच्या जिल्ह्यांतील बेंजो पार्ट्यांचा परिपाठ आहे. विजेचीं तंतुवाद्यें, ठणठणीत ठेका, आणि उघड्या रस्त्यावर नाचणारा समुदाय या तीन गोष्टींनीं रॉकचा वाद्यवृंद सिद्ध होत असेल, तर तो आमच्याकडे अगोदरपासूनच आहे. फक्त त्याला शब्द नाहींत. बेंजोवर चाल ओळखूं येते, आणि शब्द ज्यानें त्यानें मनांत म्हणावयाचे असतात. ‘अभंग रिपोस्ट’सारख्या मंडळींनीं नवें कांहीं केलें असेल तर तें या जागीं : विजेच्या वाद्यांच्या पुढें त्यांनीं शब्द आणून उभा केला.

तो शब्दही या भागास परका नाहीं. खालापूर तालुक्यांत खोपोलीजवळ साजगांव-ताकई येथें विठोबाचें देऊळ आहे. कार्तिकांत तेथें यात्रा भरते, सुक्या मासळीचा मोठा बाजार लागतो, आणि त्यावरून या देवास लोक प्रेमानें ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. तुकोबा देहूहून मिरचीच्या गोणी घेऊन या बाजूस व्यापाराला उतरत, अशी येथली परंपरागत कथा आहे. कोकणांत मिरची विकावयास गेलेल्या तुकोबांचा प्रसंग महीपतींनींही वर्णिला आहे. कथेंत इतिहास किती व भक्ति किती, हें निवडण्याचें हें स्थळ नव्हे. कथा जें सुचविते तेवढें आम्हांस पुरेसें आहे. घाट उतरून अभंग कोकणांत आला तो शांत सभागृह शोधीत आला नाहीं. तो मिरचीच्या गोणीबरोबर, घासाघिशीच्या व हाकारांच्या गलबल्यांत आला. जो शब्द बाजाराच्या गोंगाटांत टिकला, तो ड्रम्सच्या गोंगाटांत टिकणार नाहीं असें आधींच धरून चालण्याचें कारण नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. रॉक हें संगीत गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत रूपास आलें. गुलामगिरीचा वारसा भोगलेल्या काळ्या लोकांचीं ब्लूज गाणीं हें त्याचें एक प्रमुख मूळ. त्या गाण्यांची एक नेहमींची बांधणी अशी कीं पहिली ओळ गावी, तीच पुनः गावी, आणि तिसऱ्या ओळींत तिला उत्तर द्यावें. दुःख एकदां सांगून भागत नाहीं म्हणून तें दोनदां सांगावयाचें, आणि मग त्यावर भाष्य करावयाचें. या कुळांतील संगीतास शब्द जड होतो असें कोण म्हणेल? १९६५ च्या जुलैंत न्यूपोर्टच्या लोकगीतोत्सवांत बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हां श्रोत्यांतील कित्येकांनीं त्याची हुर्यो केली. त्याच गृहस्थास २०१६ मध्यें वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळालें. हुर्यो झाली ती वाद्याबद्दल, आणि पारितोषिक मिळालें तें गीतांच्या काव्याबद्दल. आमच्याकडील अभंग-रॉकचा वाद अद्याप पहिल्याच टप्प्यावर घुटमळत आहे.

महाराष्ट्रांत या दोन प्रवाहांची गांठ पूर्वींही पडलेली आहे. कवि अरुण कोलटकर पखवाज शिकले होते. तुकोबांच्या अभंगांचे त्यांनीं इंग्रजींत अनुवाद केले. आणि १९७० नंतरच्या दशकांत इंग्रजी गाणीं स्वतः रचून गाण्याचा नादही त्यांनीं केला. एकाच माणसाच्या कानांत पखवाज आणि गिटार सुखानें नांदूं शकतात, याचा हा पुरावा होय. दुसरी गांठ रंगभूमीवर पडली. ब्रेख्तच्या १९२८ मधील संगीत नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनीं ‘तीन पैशाचा तमाशा’ रचिला, आणि १९७८ मध्यें पुण्याच्या थिएटर अकॅडमीनें जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखालीं तो रंगभूमीवर आणिला. त्यांतील गुंडांचा नायक अंकुश याच्या भूमिकेंत नंदू भेंडे होते, आणि मुंबईंत इंग्रजी रॉक गाऊन नांव मिळविलेल्या या गायकानें तेथें मराठी शब्दांस रॉकचा आवाज दिला. तो प्रयोग लोकांस कां पटला? आमच्या मतें, तेथें रॉकला भूमिका होती. लावणीचें काम लावणीनें करावें, नाट्यपदाचें नाट्यपदानें, आणि ज्याला कायदा व सभ्यता दोन्ही मान्य नाहींत अशा शहरी उडाणटप्पूच्या तोंडीं रॉक यावें. संगीताची जात शब्दाच्या आशयानें ठरली होती. हीच कसोटी अभंगासही लावतां येते.

परंतु आशयाआधीं छंदाचा विचार करणें प्राप्त आहे, कारण तेथें अडचण दिसते तितकी नाहीं. अभंगांत लघुगुरूंचा हिशेब नसतो, अक्षरांचा असतो. लहान अभंगाचे चरण बहुधा आठ आठ अक्षरांचे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे, आणि चवथा चार अक्षरांचा. भजनी ठेक्याच्या मात्रा आठ, आणि रॉकचें आवर्तन चार ठोक्यांचें. तेव्हां लहान अभंग दोहोंतही सारख्याच सोयीनें बसतो. फरक पडतो तो जोराच्या जागेंत. रॉकमध्यें दुसऱ्या व चवथ्या ठोक्यावर आघात येतो. त्यामुळें भलत्याच अक्षरावर वजन पडून शब्द मध्येंच तुटण्याचें भय असतें. आणि मराठी शब्द तुटला म्हणजे प्रत्यय एकीकडे व धातु दुसरीकडे होऊन अर्थच पांगतो. चाल बांधणारा जाणता असेल तर तो हा आघात नामावर किंवा क्रियापदावर आणून ठेवितो, आणि मग तोच आघात अर्थास उठाव देतो. ‘अभंग रिपोस्ट’ची आवड तरुणांस लागली आहे तिचें श्रेय आम्ही नुसत्या गोंगाटास देणार नाहीं. अभंगाच्या घडणींत जी अंगचीच लय आहे, ती या मंडळींनीं ओळखली आहे, आणि तिच्याशीं झुंज न घेतां ते तिच्यावर स्वार होतात.

खरी कठीण जागा मोठ्या अभंगांत आहे, आणि ती म्हणजे तो चार अक्षरांचा चवथा चरण. तीन चरण सारखे चालून आल्यावर तो एकाएकीं थांबतो. पायरी संपून पाऊल जमिनीवर टेंकावें तसें तेथें होतें. त्या चार अक्षरांपुढें जी दोन अक्षरांची रिकामी जागा राहते, तिच्यांत ऐकणाराचें मन अर्थ गोळा करीत असतें. भजनांत ही जागा टाळकऱ्यांची असते. बुवांनीं टाकलेली ओळ ते तेथून उचलतात. रॉकच्या मांडणींत मात्र रिकामी जागा दिसली कीं ड्रम्स व गिटार तींत धांव घेतात. वादनकौशल्य दाखविण्यास याहून चांगली संधि नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण तुकोबांच्या वाक्यांतील विराम ही वाजविणाराची मोकळी जमीन नव्हे. एखादे वेळीं सर्व वाद्यांनीं एकदम थांबावें आणि चार अक्षरें एकटीं उभीं राहूं द्यावीं, एवढा संयम ज्या दिवशीं या संगीतांत येईल, त्या दिवशीं त्याच्यावरील अर्धे आक्षेप आपोआप गळून पडतील.

याला लागूनच दुसरा दोष. अभंगाचें ध्रुपद घोळवून घोळवून गाणें ही जुनी रीत आहे, आणि एकच ओळ पुनः पुनः म्हणण्याची रॉकलाही संवय आहे. पण दोन आवृत्तींचे हेतु निराळे. भजनांत ध्रुपदाकडे परत यावयाचें तें दरवेळीं नवीन कडव्याचा अर्थ बरोबर घेऊन. वाद्यवृंदांच्या गाण्यांत कित्येकदां असें होतें कीं दोन कडवीं झालीं, ध्रुपदाचा गजर चढला, समुदाय हात वर करून गाऊं लागला, आणि शेवटच्या चरणास वेळच उरला नाहीं. तुकोबांच्या बाबतींत ही गोष्ट साधी नाहीं. ‘तुका म्हणे’ ही केवळ सही नव्हे. आतांपर्यंत जें सांगितलें त्याला तेथें कलाटणी मिळते, दृष्टांताचा निकाल तेथें लागतो, आणि पुष्कळदां चाबकाचा फटकाराही तेथेंच बसतो. तो चरण गाळणें म्हणजे खटल्याची हकीकत वाचून दाखवून निकालपत्र खिशांत ठेवण्यासारखें आहे.

न्यायाच्या दृष्टीनें एक गोष्ट या संगीताच्या बाजूनें सांगितली पाहिजे. पंडित भीमसेन जोशी यांच्या ‘संतवाणी’नें अभंगास शास्त्रोक्त गायनाच्या मैफलींत मानाचें आसन दिलें, आणि तें ऐकून ज्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले त्यांत आम्हीही आहों. तथापि त्या मैफलींत श्रोता हा श्रोताच राहिला. तो बसून ऐकूं लागला. दिंडींत बसून ऐकणारा कोणी नसतो. तेथें जो येतो तो गातो, आणि जो गातो त्याचे पाय हालतात. रॉकच्या मेळाव्यांत उभा असलेला, गायकाची ओळ आपल्या तोंडांत घेऊन ती ओरडणारा तरुण हा, दिसण्यास कितीही निराळा असला, तरी मैफलींतील श्रोत्यापेक्षां दिंडींतील वारकऱ्यास अधिक जवळचा आहे. आमच्या कर्जत-खालापुराकडील भजनांत तरुण टाळकरी हल्लीं थोडे दिसतात. सकाळीं लोकलनें मुंबईकडे जाणाऱ्या मुलास रात्रीच्या भजनाला बसण्याचें त्राण उरत नाहीं. त्याच्या कानांतील तारेवाटे जर जनाबाई व चोखोबा त्याच्यापर्यंत पोंचत असतील, तर त्या तारेस आम्ही नांवें ठेवणार नाहीं. त्यानें तेथें नेमकें काय ऐकावें, एवढाच प्रश्न.

आणि येथें आमची मुख्य तक्रार आहे. वाद्यें धीट झालीं, पण निवड भित्रीच राहिली. या वाटेनें जाणारीं जीं गाणीं आमच्या कानीं आलीं, त्यांत पुष्कळशीं विठ्ठलाच्या रूपाचीं, नामाच्या गोडीचीं, पंढरीच्या सुखाचीं. म्हणजे जीं चित्रपटांनीं, आकाशवाणीनें व मैफलींनीं अगोदरच घरोघर पोंचविलीं आहेत तींच. तीं गोड आहेत यांत शंका नाहीं. पण तीं गाण्यास विजेची गिटार लागत नाहीं, एकतारी पुरते. उलट दांभिक गोसाव्यांचीं सोंगें एकेक करून उघडीं पाडणारे तुकोबा. देवळाच्या बाहेर उभे राहून, आपल्याला हीन कां म्हणतां, असा सवाल करणारे चोखोबा. प्रत्यक्ष विठोबाशीं भांडून त्याला शिव्या देणारी जनाबाई. यांच्या शब्दांत जो संताप व जो कढ आहे, तो आळविण्याच्या सुरांत मावत नाहीं. तेथें गिटारीचा कर्कश सूर शोभेल. किंबहुना तेथेंच तो शोभेल. नंदू भेंड्यांच्या अंकुशास रॉक साजलें तें याच कारणानें. बंडखोर वाद्य घेऊन आज्ञाधारक गाणें गावें, यांत वाद्याचाही तोटा आणि गाण्याचाही. ब्लूजच्या वंशांतील संगीताची व चोखोबांच्या अभंगाची खरी सोयरीक ताल-सुरांची नाहीं, ती दुःखाची आहे. ती जमेल तर हा प्रयोग मराठी काव्याच्या इतिहासांत नोंदला जाईल. न जमेल तर तो पेहरावाचा बदल एवढाच ठरेल.

या मागणींत आमचा एक स्वार्थही आहे, तो लपविण्याचें कारण नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, भर पावसांत, खालापूर तालुक्यांतील इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरड कोसळून गाडली गेली. सत्तावीस प्रेतें हातीं लागलीं. सत्तावन्न माणसांचा पत्ता लागला नाहीं, आणि चवथ्या दिवशीं शोध थांबविण्यांत आला. आंकडे वर्तमानपत्रांनीं दिले, चौकशा सरकारनें केल्या, सांत्वन पुढाऱ्यांनीं केलें. जें काम गाण्याचें तें तसेंच राहिलें. तुकोबांच्या तारुण्यांत १६३० च्या सुमाराचा घोर दुष्काळ पडला. त्यांत त्यांचें दिवाळें वाजलें, त्यांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली, आणि ही हकीकत त्यांनीं अभंगांतच लिहून ठेविली. अभंग हा एके काळीं आपत्तीचा रोजनामा होता. आपण त्याला पूजेच्या ताटांत ठेवून दिलें आणि रोजनामा लिहिण्याचें काम त्याच्याकडून काढून घेतलें. ज्या तरुणांनीं त्याला ताटांतून उचलून रस्त्यावर आणिलें, त्यांच्याकडूनच तें काम त्याला परत मिळण्याची आशा बाळगणें अवास्तव होईल काय?

जुने शब्द पुनः गाणें ही पहिली पायरी झाली. नवे शब्द लिहिणें ही दुसरी. कोणी म्हणेल, संतांच्या छंदांत आतां कोणी लिहूं नये, तें धार्ष्ट्य होईल. त्यास प्रभात कंपनीच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ या बोलपटाचें स्मरण द्यावें. त्यांतील एक पद शांताराम आठवले यांनीं स्वतः रचिलें होतें, आणि तें अभंगाच्या वळणांत असें चपखल बसलें कीं लोकांनीं तें तुकोबांचेंच समजून गाथेंत शोधिलें. छंद जिवंत असल्याची याहून चांगली खूण कोणती? आठवल्यांनीं तुकोबांसारखें लिहून दाखविलें. आजच्या कवीनें तुकोबांच्या छंदांत आपल्यासारखें लिहावें : विकलेल्या शेतांवर, फार्महाऊसच्या कुंपणांवर, पहांटेच्या गाडीच्या गर्दीवर, आणि दरडीखालीं गेलेल्या घरांवर.

‘अभंग रिपोस्ट’च्या तरुण मंडळींचें आम्ही अभिनंदन करितों, कारण त्यांनीं दार उघडलें. त्यांच्याकडे आमचीं मागणीं तीन : अभंगाचा शेवटचा चरण गाळूं नये; त्यांतील विरामास हात लावूं नये; आणि गोड अभंगांबरोबर तिखट अभंगही गावे. तुकोबा या बाजूस मिरची घेऊन आले होते, साखर घेऊन नव्हे, एवढें ध्यानांत ठेविलें तरी पुरे.